न जन्मलेल्या तीनशे घोड्यांची हकीकत

श्री. मुक्या जीवांचे जो ऐकतो त्या ईश्वरास नमस्कार करून लिहिले ऐसे जे, राज्य स्थापन जाहल्यापासून एक्काहत्तरावे वर्ष, पिंगल नाम संवत्सर, त्या वर्षीचे हे वर्तमान. राज्याच्या उत्तर सरहद्दीवर सरकारची पागा होती, तीत घोडी पाचशे म्हणून दफ्तरी लिहिली होती आणि दावणीस दोनशे उभी होती. उरल्या तीनशांचा दाणा दरमहा हुजुरातून येई, तो पागेचे सरदार गिरमाजीराव ठेवून घेत, आणि गणतीचे कारकून भानजीपंत त्यातील प्रसाद घेत, आणि दरबारात ज्यांच्या हाती शिक्का होता त्यांच्या घरीही तो पोहोचे. मग दोनशांच्या दाण्यासही हळूहळू हात लागला आणि खरी घोडी अर्धपोटी राहू लागली.

त्या पागेत धुळबा म्हणून मोतद्दार होता, घोड्यांची निगा राखणे हे त्याचे काम. पारवी नावाची घोडी जन्मली ती त्याच्या घोंगडीवर, आणि पहिल्या दिवशी उभी राहिली ती त्याच्या खांद्यास टेकून. वर्षातून दोनदा गणती होई, तेव्हा भानजीपंतांचा तंबू माळावर पडे, नगारा वाजे, आणि घोडी तंबूपुढून एकामागे एक जात, तंबू ओलांडला की डावीकडे वळून टेकडीमागे जात, आणि तेथून फेरा घालून पुन्हा रांगेच्या शेपटास लागत. ऐसे अडीच फेरे जाहले म्हणजे पाचशे भरत. भानजीपंत मोजणीस मोठे चोख, एक घोडे अधिक नाही, एक उणे नाही. घोड्यांनी फेरा मुकाट घालावा म्हणून टेकडीमागे हरभऱ्याच्या पाट्या मांडीत, आणि त्या दिवशी तेवढा हात आखडता नसे. ही चाल प्रथम धुळबाने पारवीस शिकविली आणि बाकीची घोडी तिच्या मागून शिकली. धुळबास त्यात पाप दिसले नाही. वर्षातून दोन दिवस जनावरे पोटभर खातात, एवढेच त्यास दिसले.

पारवीवर बसणारा बारगीर हैबती, तो धुळबाचा जावई. तो एकदा खरारा करता करता म्हणाला, "मामा, हिला लढाई येते का नुसती प्रदक्षिणाच?"

"तुझ्यापेक्षा शहाणी हाय. एकदा सांगितलं की ऐकते."

"मग हिचंच लगीन लावून द्यायचं होतं माझ्याशी."

तेव्हा धुळबाची लेक ठकी भाकरी घेऊन आली होती, ती म्हणाली, "लावलं असतं. तिनं नको म्हटलं."

मग त्याच साली मार्गशीर्षात शत्रू खिंडीवर चालून आला. दरबारात दफ्तर पाहिले, पाचशे स्वार आहेत ऐसे वाचले, आणि त्या भरवशावर खिंडीत प्यादे चारशेच उभे केले. निघते वेळी ठकी बापास म्हणाली, "आबा, यांना परत आणा." धुळबा म्हणाला, "मी कसला आणतो, बाई. पारवी आणील."

खिंडीच्या अलीकडे सेनापतींचा तंबू होता आणि तंबूच्या डाव्या अंगास एक टेकडी होती. नगारा वाजताच स्वारांनी तंबूपुढून निघून शत्रूवर पडावे ऐसा हुकूम होता. नगारा वाजला आणि दोनशे घोडी मोठ्या डौलाने निघाली, आणि तंबू ओलांडताच पारवी डावीकडे वळली, आणि तिच्या मागे सारी वळली. स्वारांनी लगाम ओढले, घोड्यांची तोंडे रक्ताळली, तरी ती टेकडीमागे गेलीच. शत्रू हा कोणता डाव म्हणून क्षणभर थांबला, आणि डाव नाही ऐसे पाहून प्याद्यांवर पडला.

टेकडीमागे बुणगे होते, म्हणजे लष्करामागचे सामान आणि नोकर माणसे, त्यांत धुळबा होता. पारवी थेट त्याच्याजवळ आली आणि तिने त्याच्या छातीस नाक लावून दाणा शोधला. पाठीवर हैबती अंगास ओरखडा नसलेला. ठकीस दिलेला शब्द घोडीने पाळला होता.

"मामा, प्यादे एकटे पडले. हिला फिरवा, माझं ऐकत न्हाई."

धुळबाने लगाम धरला आणि तसाच उभा राहिला. आपण काही केले नाही तर दोष कोणी देणार नाही, हे त्यास कळले. मग तो हळू म्हणाला, "उतर की रे खाली."

"मामा, ती चारशे माणसं कुणाचे जावई न्हाईत का?"

धुळबाने रिकामी मूठ मिटली, पारवीच्या नाकापुढे धरली, आणि टेकडीच्या कडेने पुढे धावत सुटला. घोडी मुठीमागे धावली आणि बाकीची घोडी तिच्यामागे धावली. रण दिसू लागले तेव्हा त्याने मूठ उघडली. पारवीने तळहात हुंगला, त्याच्याकडे एकदा पाहिले, आणि मग हैबतीची टाच लागताच सरळ गेली. खिंड तोवर गेली होती. स्वार मध्ये पडले म्हणून निम्मे प्यादे जिवंत निघाले. स्वार अकरा पडले, त्यांत हैबती पडला. पारवी दिवस मावळायच्या आत एकटी आली.

मग गिरमाजीरावांनी हुजुरास लिहिले की, पाचशे स्वारांनी शर्थ केली, तीनशे अकरा बारगीर घोड्यांसह कामास आले. तीनशे नावे त्यांनी आपल्या मनाने घातली आणि हैबतीचे नाव दोनशे चाळिसावे आले. मग धुळबास बोलावून म्हणाले, "तू दरबारी साक्ष दे. यादी मान्य झाली की पडलेल्याच्या घरास सरकार देते ते पोटगीचे पान ठकीसही मिळेल. लेकीचं बघ."

धुळबाने घरी येऊन सांगितले. ठकी चुलीपुढे होती. "खरं बोललात तर?" तिने विचारले.

"यादी जाईल. तुझं पानबी जाईल."

ठकीने जाळ सारला. मग म्हणाली, "दोनशे चाळिसावे न्हवते ते, आबा."

दरबारी महाराज बसले होते. धुळबाने मुजरा केला आणि म्हणाला, "महाराज, अकरा पडले. बाकीचे जन्मलेच न्हाईत, मरतील कुठून? माझा जावई जन्मला होता. त्याला त्यांच्यात मिसळू नका."

महाराजांनी विचारले, "मग घोडी का वळली?"

"मी शिकवली म्हणून."

"याची शिक्षा काय, ठाऊक आहे?"

"द्याल ती घेईन. पर आधी तिला सरळ चालाया शिकवतो. उद्या तिच्यावर दुसऱ्या कुणाचा जावई बसंल."

महाराजांनी धुळबास पागेकडे परत जाऊ दिले. यादी नामंजूर होऊन परत गेली. गिरमाजीराव दूर जाहले आणि दुसरे सरदार आले. ठकीचे पान कोणत्या यादीत लिहावे याचा खल दरबारात राहिला. मग रोज सकाळी माळावर ठकी नगारा वाजवी, आणि धुळबा पारवीच्या डाव्या अंगास, टेकडी आणि ती यांच्या मध्ये चाले. ती वळू लागली की तो खांद्याने टेका देई आणि म्हणे, "तिकडं काही न्हाई, बाई. पुढं चल."

सारांश, खिंड गेली, अकरा स्वार आणि दोनशे प्यादे गेले, आणि तीनशे घोडी न जन्मताच कागदावरून गेली. पारवी अठराव्या दिवशी नगाऱ्याबरोबर सरळ गेली. दरबारास किती दिवस लागले, ते हे लिहीपर्यंत कळले नाही.