सुपडूआप्पांचे डोळे

ही गोष्ट मी बारा वर्षं कुणाला सांगितली नाही. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो. आता आप्पाच राहिले नाहीत, तेव्हा निदान कागदावर तरी खरं उतरू दे.

सुपडूआप्पा जगाकडे भिंगातून बघायचे. अगदी खरोखर. कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग कायम त्यांच्या खिशात. खमण आलं की आधी त्यावर भिंग. लग्नपत्रिका आली, भिंग. एकदा माझ्या नव्या शर्टावर ठेवून म्हणाले, "छपाईमा हात हालेल शे, भाऊ." तो शर्ट मी पुन्हा घातला नाही. "आधी दखा, मंग बोला," हे त्यांचं अहिराणी ब्रीद.

सचिन नावाच्या गावी एका गुजराती शेठच्या साड्या छापायच्या कारखान्यात ते डिझाइन तपासत, मी स्टोअर सांभाळत असे. नमुना पडद्यावर मोठा करून आप्पा त्यातला ठिपका न ठिपका बघत. ठिपक्याला ते 'दाना' म्हणत. दाण्याची कड फुटलेली दिसली की डिझाइन परत.

"एवढं बारीक कोण बघतंय, आप्पा?"

"बाई पदर डोयाले लावस ना भाऊ. तठे दाना फुटेल नको."

मग शेठनी कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून जुना सर्व्हर आणला. खणात आडवा सरकवायचा, पोळपाटासारखा चपटा, आवाज मात्र लूमचा. शेठ म्हणाले, "मोटुं मशीन छे, काका!" पण पडद्यावर सगळं धूसर. उधन्याहून कॉम्प्युटरवाला आला. म्हणाला, "काका, ये तो कोने में बैठ के काम करनेवाला मशीन है. इसको कौन देखता है?"

"मी दखस ना!" आप्पा कडाडले.

आठ महिने त्यांनी शेठचा पिच्छा पुरवला. शेवटी वेगळं ग्राफिक्स कार्ड आलं. नेहमीचं त्या चपट्या पेटीत मावेना, म्हणून अर्ध्या उंचीचं शोधून आणलं. पडद्याची केबल त्या कार्डाला लावली, रेझोल्यूशन वाढवलं आणि पडदा धुतल्यासारखा झाला. आप्पांनी अख्ख्या खात्याला नाश्त्याला खमणासारखा लोचो खाऊ घातला आणि स्वतःही खाल्ला, भिंग न लावता!

दसऱ्याला आम्ही सगळी मशीनं पुसून पुजतो. सर्व्हर माझ्या वाटणीला आला. केबली काढल्या, धूळ पुसली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पडद्याची केबल परत लावताना मागे दोन सारखीच निळी भोकं दिसली: एक मशीनचं मूळचं, एक नव्या कार्डाचं. हाताला आलं त्यात बसवली. पडदा लागला. मी नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "भाऊ, धुकं दिखस." पडदा पुसला, चष्मा पुसला. शेठ हसले, "मशीन तो चालू छे काका, तमारी आंख गई."

मला कालचं आणि आजचं सारखंच वाटत होतं. उलट अक्षरं मोठी झाली होती. संध्याकाळी आप्पा स्टोअरमध्ये आले, आवाज खाली आणून म्हणाले, "अक्षर मोठा कयात का हो तुम्ही, मन्हा डोयासाठे?"

इतक्या मायेने विचारलं की मी हो म्हणालो.

चौथ्या दिवशी आप्पांनी काम सोडलं. जाताना भिंग माझ्या हातात ठेवलं. "आते तुम्ही दखा."

पुढच्या आठवड्यात उधन्याचा तो माणूस आला. मशीनच्या मागे वाकला आणि हसायला लागला. "ये पुराने में किसने लगाया?" त्याने केबल कार्डाला लावली, पडदा पुन्हा धुतल्यासारखा झाला, अक्षरंही परत लहान झाली. मी त्याला चहा पाजून गप्प केलं.

नंतर एकदा कोसाडला आप्पांच्या घरी गेलो. दारातच बसले होते. "शिबिरना डॉक्टर म्हने, डोया चांगला शेतस. त्याले दानामा काय समजस?"

भिंग माझ्या खिशात होतं. म्हटलं, "आप्पा, ती केबल..."

"जाऊ द्या ते मशीन. तुम्ही मन्हासाठे अक्षर मोठा कयात, ते मन्हा ध्यानमा शे."

मी चहा संपवला आणि परत आलो.

गेल्या महिन्यात आप्पा गेले. मुलगा सांगत होता, काम सोडल्यावर त्यांनी कधी पेपरसुद्धा हातात धरला नाही. म्हणायचे, आपलं बघायचं संपलं.

आप्पा, तुमचे डोळे ठीक होते. केबल मी चुकीची लावली. मी आधी बघितलं नाही, आणि मग बोललोही नाही.