भोंगाडे मास्तरांची पक्की सीट

सायकलवर पुढे लेकरू बसवून चाललेला कुणी बाप दिसला, की आमचे शेजारी भोंगाडे मास्तर रस्त्यात आडवे यायचे. ओळख असो नसो. "थांबा गा!" म्हणून हँडल धरायचे, दांडीवर बसवलेली लहान पोराची सीट दोन्ही हातांनी गदागदा हलवायचे, आणि निदान ठरलेलं असायचं. "हालून राहिली!" मग कोटाच्या खिशातून पाना निघायचा. बाप ऑफिसला उशीर होतो म्हणून चरफडतोय, पोरानं भोकाड पसरलंय आणि मास्तर दातओठ खाऊन नट आवळताहेत, हे मी लकडगंजात लग्न होऊन आल्यापासून बघत होते.

मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. आता ड्रॉइंग मास्तराच्या खिशात पेन्सिल असावी, खोडरबर असावं. पाना कशाला? पण विचारायची सोय नव्हती. विचारलं की तत्त्वज्ञान सुरू. "सूनबाई, माणूस हालो, सायकल हालो, रस्ता तं आपल्या नागपूरचा हालवणारच. सीट नाही हालली पाहिजे!" आणि किती आवळायची? तर दांडी आणि पट्टी यांच्या मधून सिगरेटच्या पाकिटातली चांदी सरकली, तर सीट ढिली. मास्तर सिगरेट ओढत नसत. चांदी पानठेल्यावरून मागून आणायचे.

या आवळण्यापायी आमच्या घरात काय रामायण झालं ते सांगते. आमच्या मिनीसाठी ह्यांनी सायकलला सीट बसवली, आणि अर्थातच मास्तरांनी ती आवळली. पुढे माझा दीर विनायक नागपूरच्या महाल भागात मुलगी बघायला निघाला. ह्यांची सायकल मागितली. म्हटलं, आधी ती सीट काढ. तर नट हलेल तेव्हा ना! दिरानं जोर लावला, ह्यांनी लावला, शेवटी माझ्या सासऱ्यांनी हातोडी आणली. नट जागचा हलला नाही. गेला बिचारा तसाच, कडक इस्त्रीचा शर्ट आणि पुढे लेकराची सीट! मुलीच्या आजीनं खिडकीतून सायकल पाहिली. पोह्यांची बशी हातात देताना म्हातारीनं मायेनं विचारलं, "पहिली काय होऊन गेली, बाप्पा?" सगळ्यांनी त्याला बिजवर ठरवलं होतं. खुलासे करताकरता पोहे गार झाले. लग्न जमलं, तो भाग वेगळा, पण माझी जाऊ अजून भांडणात त्याला बिजवर म्हणते.

मास्तरांकडे तक्रार नेली तर म्हणाले, "म्हंजे पक्की बसली होती!" आणि असे खूश, की मला रागावताच येईना.

खरी गंमत त्यांच्या स्वतःच्या सायकलची होती. तिलाही पुढे लेकराची सीट होती. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. लग्नानंतर वर्षभरात त्यांनी हौसेनं ती आणली होती, लागेलच म्हणून. लागली नाही, आणि काढलीही नाही. मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, तिला लाल मखमलीची गादी शिवली होती, आणि कापड विटलं की त्या बदलायच्या. गल्लीतले लोक मागे हसायचे. मला मात्र ती रिकामी लाल गादी बघून कसंतरीच व्हायचं.

आमची मिनी त्या गादीवर लट्टू. घरची सीट तिला टोचायची म्हणे. रोज मास्तर शाळेत निघाले की ही फाटकाशी हात पसरून उभी. "आबा, मले बसव ना!" मास्तर खाली वाकायचे, सीट हलवून बघायचे आणि म्हणायचे, "अजून पक्की नाही झाली, माय." रोज! सगळ्या पूर्व नागपूरच्या सीटा पक्क्या करणाऱ्याला स्वतःची एक सीट पक्की करता येऊ नये? मी चिडायचे. पोरीला बसवायचं नसेल तर सरळ नाही म्हणा की. पण मिनी आत वळली की मास्तर फाटकाकडे बघत उभे राहायचे, तेही मला दिसायचं. बसवायचं तर होतं त्यांना. माझ्यापेक्षा, मिनीपेक्षाही जास्त.

मग तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं लाकडी नंदी सजवून मैदानात नेतात, चांगल्या नंदीला बक्षीस असतं. मिनीला छोटं लुगडं नेसवलं, नंदीला झूल शिवली, आणि ऐनवेळी ह्यांना ड्यूटी लागली. हे सायकल घेऊन गेले. रिक्षा एकही दिसेना. मी म्हटलं, चल चालत. मिनी फाटकात फतकल मारून बसली. "मी आबाच्या सायकलवर येईन."

मास्तर अंगणातच होते. आले, वाकले, सीट हलवली. "अजून पक्की..."

माझं डोकंच फिरलं. "मास्तर, आणखी किती कसता? आता दांडी मोडेल!" असं म्हणून मी मिनीला उचललं आणि सरळ त्या लाल गादीवर बसवून टाकलं.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी सीट धरून हलवली. मिनी हलली, सायकल हलली, सीट नाही हलली. "नाही हालत," ते पडल्या आवाजात म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या. मास्तरांनी मिनीच्या कमरेचा पट्टा बांधला, एक हात हँडलवर ठेवला, एक तिच्या पाठीवर, आणि पायी चालायला लागले.

"काहून चालून राहिले? चढा ना!" मी मागून नंदी कवटाळून ओरडत होते. "उशीर होऊन राहिला!"

"सीटचा भरवसा आहे सूनबाई," मास्तर न थांबता म्हणाले. "माझा नाही. इतकी वर्षं सायकल चालवून राहिलो, पण पुढे कोणी बसलंच नाही कधी. पाहा ना, हात कसे कापून राहिले."

मी घाई करायचं सोडलं आणि सायकलमागून चालायला लागले.

मैदानात पोचलो तोवर बक्षिसं वाटून झाली होती. मंडपवाले सतरंज्या गुंडाळत होते. मास्तरांनी मान खाली घातली. "आपल्यामुळे गेलं पोरीचं बक्षीस." पण मिनीला बक्षिसाचं काय पडलं होतं? ती दोन्ही हातांनी हँडल धरून बसली होती, खाली उतरायलाच तयार नाही. "आबा, आता चालव ना!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चालवा. मी आहे मागे."

लाकूड कापायच्या आरा मशीनपाशी रस्ता मोकळा होता. तिथं मास्तरांनी पायडलवर पाय ठेवला, काढला, परत ठेवला. आणि चढले. मुंगीच्या चालीनं का होईना, पण सरळ! मिनी किंचाळून हसायला लागली, आणि मी नंदी काखोटीला मारून लुगडं सावरत मागे धावत होते. लोकांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. वाटू दे. मलाही रडू येत होतं आणि हसू येत होतं.

गल्लीत वळलो तर काकू फाटकातच. सायकल येताना त्यांनी पाहिली आणि झटकन आत गेल्या. मला वाटलं, डोळे पुसायला गेल्या असतील. पण त्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा गडवा घेऊन आल्या. मिनीला सायकलवरून उतरू दिलं नाही. तिच्यावरून तुकडा ओवाळला. मग मास्तरांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावरूनही ओवाळायला लागल्या.

मास्तर लाजले. "काहून वं? मले काहून?"

"उभे राहा चुपचाप," काकू म्हणाल्या. "तुमी बी तं आज पहिल्यांदाच लेकरू घेऊन घरी आले."