एकनाथकाकांचं दुरंगी घड्याळ

एकनाथकाकांचं घड्याळ मनगटावर राहत नाही, कोपराशी राहतं. पट्टा इतका ढिला की हात वर केला की ते सरसर बाहीत शिरतं. मग काका रस्त्यात उभे राहून हात झटकत बसतात.

पण घड्याळ देखणं बरं का! स्टीलचा पट्टा, मधोमध सोनेरी कड्यांची ओळ आणि मागच्या झाकणावर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत ते पाहिलं नाही असा माणूस नाही. “सोन्यात बी चालतं, चांदीत बी चालतं. कामाला बी, लग्नाला बी,” हे काकांचं पालुपद. फुलंब्रीला शेतात पाणी द्यायला जाताना तेच, भाजी आणताना तेच आणि वरातीत तर बाही दुमडून तेच.

मला असलं ढिलं काम बघवत नाही. एकदा बळंच त्यांना घड्याळवाल्याकडे नेलं आणि दोन कड्या काढायला सांगितल्या. त्यानं पट्ट्याला हात लावताच काकांनी घड्याळ हिसकावून खिशात टाकलं. शेजारच्या रसवंतीत बसल्यावर कुठं ते बोलते झाले.

घड्याळ त्यांचं नव्हतंच, होणाऱ्या जावयासाठी घेतलेलं होतं. पण अश्विनीनं, त्यांच्या एकुलत्या एक पोरीनं, पुण्यात परस्पर कोर्टात लग्न केलं. ‘इकडं फिरकू नको’ असं काकांनी फोनवर सुनावलं आणि ती खरंच फिरकली नाही. जावयाचं मनगट बघितलंच नाही, तर कड्या कुणाच्या मापानं काढायच्या?

“मग घालून कशाला हिंडता?”

“ठेवून दिलं तर बंद पडंल की. बंद घड्याळ जावयाला देऊ का?”

अहो, ते सेलवर चालतं, कपाटातही चालेल, असं मी परोपरीनं सांगितलं. माणसाच्या अंगाला लागलं की बरं चालतं, म्हणाले. घरी काकू नाहीत, पोर नाही. मी त्यांच्यासाठी आणखी एक रस सांगितला.

आणि परवा काय व्हावं! मी दाढी करतोय, तर काका एकाच पायात चप्पल घालून दारात. अश्विनीचा फोन आला होता. अधिक महिना लागलेला, जावयाला धोंडे जेवायला बोलावायचे दिवस, आणि पोरच विचारत होती, आम्ही येऊ का म्हणून. काकांना आवाजच फुटला नाही. तिनं वाट बघून फोन ठेवून दिला.

घ्या! मी साबणाच्या हातानंच फोन परत लावला आणि त्यांच्या कानाला धरला. “ये,” म्हणाले. तेवढं पुरलं.

मग काय विचारता! आमच्या घरात पुरण शिजलं, हिनं धोंडे वळले, काका दर घटकेला पातेल्याचं झाकण उघडून बघत होते. जावई आला. उंचापुरा, हसरा, पण मनगटावर पावलं मोजणारं काळं स्मार्टवॉच!

काकांनी घड्याळ पुढं केलं. पालुपद वगैरे काही नाही. “आवडत नसंल तर ऱ्हाऊ द्या,” एवढंच.

पोरानं हातातलं काढून खिशात टाकलं आणि मनगट पुढं केलं. काकांना काही केल्या खटका लावता येईना. शेवटी अश्विनीनं तो दाबला. कसं शोभून दिसलं म्हणून सांगू!

“कधी बघावंसं वाटलं तर पुण्याला यीन म्हणतो,” काका म्हणाले.

“घड्याळ बघायला?” अश्विनीनं विचारलं.

“व्हय. घड्याळच,” म्हणाले, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.