नांगराला आणि गाडीला एकच लेन्स

कल्याणच्या कॅमेऱ्याच्या दुकानात काळूदादांनी सेल्समनचा हात धरला, त्यावर खांद्यावरचा टॉवेल टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. सेल्समन गांगरला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या वॉचमनकडे. बैलबाजारात भाव असाच ठरतो, तोंडाने बोलायचा नसतो, हे मी त्याला समजावेपर्यंत दादांनी आपला आकडा दाबून सांगितलाही होता. त्याने मोकळ्या हाताने भिंतीवरची ‘एकच दर’ ही पाटी दाखवली. दादांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, "याला बाजार म्हाईत नाय. चल."

आम्ही रिकाम्या हाताने शहापूरला परत आलो. अशी ती तिसरी का चौथी खेप होती. मोजणं मी सोडून दिलं होतं.

काळूदादा किन्हवलीच्या पुढचे, मुरबाडच्या वाटेवरच्या गावचे. सारं आयुष्य बैल पारखण्यात गेलं. म्हसा गावच्या यात्रेतल्या बैलबाजारात लोक त्यांना हाताला धरून नेत आणि बैलापुढे उभं करत. दादा बैलाभोवती एक फेरी मारून ‘जनावर बरं हाय’ म्हणाले की सौदा झाला. आता गावोगाव ट्रॅक्टर आले आणि दादांची नजर रिकामी पडली. ती माझ्या नशिबी आली. एसटी स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं एवढंच. फोटो सगळे मोबाइलवर काढतात, माझ्याकडे येतात ते पासपोर्ट फोटोला, झेरॉक्सला आणि म्हातारं माणूस गेलं की हार घालायच्या फोटोला. अशा माणसाला काळूदादांनी कॅमेऱ्यातला जाणकार ठरवलं.

धाकट्या मुलीचं, सुरेखाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. "हळदीच्या आत कॅमेरा दावणीला पायजे," असं त्यांनी मला दिवाळीतच बजावलं. मी म्हटलं, दादा, घरचं कार्य आहे, मीच येतो फोटो काढायला. ते म्हणाले, तू ये, जेव, तुझी माणसं पण आण, स्टेजवरचे फोटो तुझ्या माणसांनी काढावेत. पण एक कॅमेरा माझा पाहिजे. मोबाइलवर काढा म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी त्यांना शेळीला नांगर जुंपायला सांगितलं होतं.

मग दर शनिवारी सकाळच्या एसटीने दादा हजर. मी ओळखीच्या फोटोग्राफरांकडून जुने डीएसएलआर मागवून ठेवायचो. दादा कॅमेरा काउंटरवर ठेवत आणि काउंटरला वळसा घालून चारी बाजूंनी बघत. मग लेन्स उजेडात धरून, बैलाच्या डोळ्यात बघावं तसं, फूल पडलंय का ते तपासत. बटन दाबून खटका कानाशी ऐकत. आणि मग ठरलेला प्रश्न, "ह्याला खोड काय?" मी म्हणायचो, खोड काही नाही, बॅटरी जरा लवकर उतरते. "म्हंजे दुपारनंतर बसतो," असं म्हणून ते कॅमेरा बाजूला सारत. मालक तो का विकतोय, मालकाच्या घरी काय झालं, हेही त्यांना कळायला हवं असे. एका कॅमेऱ्याचं सगळं जमलं होतं, पण मालकाचा घटस्फोट झाल्याचं कळलं आणि दादांनी तो परत पाठवला. त्या कॅमेऱ्याने ज्या लग्नांचे फोटो काढलेत ती आधी टिकू देत, म्हणाले.

लेन्सचं तर विचारू नका. कॅमेऱ्याबरोबर येते ती छोटी लेन्स दाखवली, तर म्हणाले, हे वासरू. लांबचं ओढणारी मोठी लेन्स दाखवली. तिच्यातून त्यांनी माहुली किल्ल्याच्या सुळक्यावरचं झुडूप पाहिलं, खूश झाले, आणि मग तीच लेन्स माझ्या तोंडावर रोखली. मी दिसलोच नाही. नुसतं नाक दिसलं, तेही धूसर. "हा म्हातारा हाय. लांबचं बगतो, जवळचं नाय," असा निकाल लागला. मी सांगितलं, दोन्ही घ्या, लागेल तशी बदला. तर ते अडून बसले.

"दोन नको. एकच पायजे. नांगराला पन अन् गाडीला पन."

मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, की सगळं करणारी लेन्स सगळंच मध्यम करते; मांडवात उजेड कमी पडतो, फोटो हलतो, दाणेदार येतो. त्यांचं उत्तर एकच, बदलायला टाइम नाय. साठी ओलांडलेल्या, दिवसभर ओट्यावर बसणाऱ्या माणसाला कसली एवढी घाई, ते मला कळेना. मी खरोखर दमलो होतो. शनिवार उजाडला की बायको चहाचं आधण वाढवायची आणि मला डोकं दुखायला लागायचं.

त्यात त्यांनी नवीनच काढलं. प्रत्येक लेन्स ते माझ्या दारात उभं राहून स्टँडच्या पलीकडे बसणाऱ्या करवंदवाल्या बायकांवर रोखू लागले. "ती कडंची हसते का नुसतीच बगते, सांग," असं मला विचारायचे. रिक्षावाले एकमेकांना कोपर मारू लागले. शेवटी मीच जड जिभेने सांगितलं, दादा, लोक काय काय बोलतात. दादा शांतपणे म्हणाले, "बोलू दे. मी बाईला नाय बगत रे, लेन्सला बगतो."

लग्नाला आठवडा उरला तेव्हा वाशिंदच्या एका माणसाचा कॅमेरा मिळाला, अठरा ते एकशेचाळीसची, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही धरणारी झूम लावलेला. दादांनी फेरी मारली, फूल पाहिलं, खटका ऐकला. दारात उभे राहून आधी अख्खा स्टँड पाहिला, मग जागच्या जागी रिंग फिरवून कडेची करवंदवाली जवळ आणली. "हसते," ते स्वतःशीच म्हणाले. मग टॉवेलाखाली माझा हात दाबला. वाशिंदच्या माणसाने मागितलेलाच भाव त्यांनी दाबला होता, पण मी जरा ओढून धरल्यासारखं केलं. त्यांना बरं वाटलं.

लग्न भर दुपारचं होतं. मंगलाष्टकं चालू झाली आणि दादा कॅमेरा घेऊन स्टेजसमोर उभे राहिले. नवरा-नवरी, मामा, करवल्या असा सगळा गोतावळा त्यांनी एका फोटोत घेतला. आणि मग, शेवटच्या मंगलाष्टकाला, हा माणूस स्टेजकडे पाठ करून उभा राहिला. पोरीचा बाप. माझा फोटोग्राफर हातवारे करू लागला, दादा, इकडे इकडे. दादांनी लक्ष दिलं नाही. ते रिंग फिरवत होते. ती लेन्स कुठे रोखलीय ते मी पाहिलं. मांडवाच्या पार टोकाला, आचाऱ्यांच्या पिंपांजवळ, एक म्हातारी खांबाआड उभी होती. तिने मूठभर अक्षता टाकल्या, त्या शेवटच्या रांगेतल्या खुर्च्यांवरच पडल्या, आणि ती हसली. खटका दोनदा वाजला. कोणीतरी आपल्याकडे बघतंय हे तिच्या ध्यानात आलं. तिने पदर ओढला आणि ती आत गेली.

"लेन्स बदलत बसलो असतो तर गेली असती," दादा म्हणाले.

ती त्यांची थोरली बहीण. दादा तिला बाय म्हणतात. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा गेला, ती माहेरी आली ती कायमची. आई शेतावर राबायची, दादांना वाढवलं ते बायने. सुरेखाला न्हाऊमाखू घातलं तेही तिनेच. पण कुठलंही शुभकार्य निघालं की बाय मागे जाऊन उभी राहते. पुढे बोलावलं तर घरात जाऊन कडी लावते, माझी सावली पोरीवर नको म्हणते. दादांच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळं गाव आहे, बाय नाही. हे सगळं त्यांनी मला फोटो छापायला दिला तेव्हा सांगितलं. इतके महिने ज्या माणसाला वैतागलो, त्याच्याविषयी एकदम गलबलून आलं.

मी म्हटलं, दादा, कॉम्प्युटरवर बायला उचलून सगळ्यांच्या मधे उभी करतो, कुणाला कळणार नाही. ते नको म्हणाले. होती तिथंच राहू दे, फक्त मोठी कर. फोटो थोडा दाणेदार आला होता, पण हसू स्वच्छ होतं. मी चांगली फ्रेम करून दिली.

पुढच्या शनिवारी कॅमेऱ्याचा विषय संपला म्हणून मी निवांत होतो. तरी दादा आले. गळ्यात कॅमेरा होता. चहा पुढे ठेवला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"बायनं फोटो बगितला," ते म्हणाले. "लय वेळ बगितला. मंग मला इचारते, आयचा फोटो कुठं गावला रे तुला?"

त्यांच्या आईचा फोटो कोणी कधी काढलाच नव्हता. आणि बायने कित्येक वर्षांत स्वतःला आरशात नीट पाहिलं नव्हतं. आरशाशी तिचं काम तरी काय होतं. फोटोतली हसरी म्हातारी तिला ओळखूच आली नाही. तिने फोटोला हात जोडले, हळदकुंकू मात्र सुरेखाच्या आईला वाहायला लावलं.

"ती तूच हायस, असं नाय सांगितलं मी," दादा म्हणाले. डोळे त्यांनी टॉवेलाने पुसले, लपवले नाहीत. मग त्यांनी कॅमेरा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. "तू चल घरी. आज पावनं नाय, कार्य नाय, ती बसंल. मी तिच्या बाजूला बसतो, तू काढ. बाजूला मी दिसलो म्हंजे तिला कळंल, ही कोन ते."

दोन गिऱ्हाइकं झेरॉक्ससाठी उभी होती. त्यांना उद्या या म्हणालो, शटर ओढलं आणि दादांबरोबर किन्हवलीच्या एसटीकडे निघालो.