लेडी कॉल्डमियरची खुर्ची

कॉल्डमियर हॉलचे बारावे लॉर्ड आपल्याच दिवाणखान्यात, आपल्याच बायकोच्या खुर्चीत बसलेले असताना पकडले गेले.

छप्पर गळायला लागलं तेव्हा एवढं मोठं घर त्यांनी एका ट्रस्टच्या हवाली केलं होतं आणि स्वतः तबेल्यावरच्या तीन खोल्यांत राहायला गेले होते. लोक घर बघायला येत, पण गुरुवारी ते बंद असे. त्यांची बायको हेस्टर वारली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दर गुरुवारी लॉर्डसाहेब मागच्या दारानं गुपचूप येत, खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत अर्धा तास बसत, तळ्याकडे बघत आणि परत जात. त्या अर्ध्या तासावर त्यांचा सगळा आठवडा निघे. आता गुरुवारीही घर उघडं राहणार, असं ट्रस्टनं पत्रानं कळवलं होतं. पत्र त्यांनी अर्थातच अजून फोडलेलं नव्हतं.

"अहो! उठा आधी तिथून!"

दारात मिसेस प्लॅट उभ्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, ट्रस्टचं काम हौसेनं करायला आलेल्या, आणि आज पहिलाच दिवस. "खुर्चीवर वाळलेलं काटेरी बोंड काय आम्ही शोभेला ठेवतो? कुणी बसू नये म्हणून असतं ते! कुठे गेलं?"

लॉर्डसाहेबांनी निमूटपणे कोटाच्या खिशातून बोंड काढून दिलं. कोटाची दोन्ही कोपरं फाटलेली होती. कोट वडिलांचा होता.

'हे घर माझं आहे' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण 'मी कोण ते ठाऊक आहे का?' असं विचारण्यापेक्षा चारचौघांत विजार सुटलेली बरी, असं मानणाऱ्या घराण्यात ते वाढले होते.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

"तिकीट?"

"नाही काढलं."

"म्हणजे मागच्या दारानं शिरलात! या वयात!"

मिसेस प्लॅटनी त्यांना दंडाला धरून खाली नेलं, ज्येष्ठांच्या सवलतीत तिकीट काढायला लावलं, छातीवर हिरवा कागदी बिल्ला चिकटवला आणि पाहुण्यांच्या घोळक्यात ढकललं. घोळका फिरत फिरत पुन्हा दिवाणखान्यातच आला. भिंतीवर हेस्टरचं मोठं चित्र होतं.

"या शेवटच्या लेडी कॉल्डमियर," मिसेस प्लॅट सांगू लागल्या. "फार कडक. उभ्या आयुष्यात हसल्या नाहीत म्हणे."

"हसायची," लॉर्डसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

सगळे वळले.

"तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

"थोडंफार."

मग कुणी त्यांना सोडीना. पत्ते खेळताना ती लबाडी कशी करायची, पकडली गेली की इतकी हसायची की कुत्री भुंकायला लागत, बिशपसाहेब बोलण्यात रंगलेले असताना त्यांच्या बशीतला केक तिनं खिडकीतून बदकांना कसा घातला, हे सगळं त्यांना सांगावं लागलं. मागून दुसरा घोळका आला, तोही तिथेच अडकला. थोड्या वेळात जिन्यापर्यंत रांग लागली.

मिसेस प्लॅटनी त्यांना बाजूला घेतलं. "माळी होतात का हो इथे?"

"काही झाडं लावलीत खरी."

"मग आमच्यात या की! गुरुवारी ही खोली राखायला माणूसच नाही बघा."

बाईमाणसाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. फॉर्मवर त्यांनी लॉर्ड लोकांच्या रिवाजाप्रमाणे एकाच शब्दात सही केली: कॉल्डमियर.

"घराचं नाव नको हो! स्वतःचं लिहा. सावकाश."

त्यांनी खोडून 'ॲम्ब्रोज' लिहिलं. हेस्टर गेल्यापासून त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

"तर ॲम्ब्रोज, दाराजवळची ती घडीची खुर्ची तुमची. आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. ते म्हातारे लॉर्ड गुरुवारी चोरून येऊन इथे बसतात, असं झाडणाऱ्या बायका सांगतात. दिसले की सरळ हाकला. जमेल ना?"

"प्रयत्न करतो," लॉर्डसाहेब म्हणाले.

ते दाराजवळ बसले आणि त्यांनी समोर पाहिलं. एक्केचाळीस वर्षं संध्याकाळचा चहा घेताना ते इथेच बसत, आणि ती तिथे. दोन वर्षं तिच्या खुर्चीत बसून त्यांना नुसतं तळं दिसत होतं.

एक दमलेला पाहुणा कण्हत त्या खुर्चीकडे निघाला. लॉर्डसाहेब ताडकन उठले.

"तिथे नका बसू."

"का हो? रिकामीच तर आहे!"

"नाही," लॉर्डसाहेब म्हणाले, "बसलंय तिथे माणूस."