आमच्या सर्व्हरला लागलेली धाप

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात संगणकातलं कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

आता खरं सांगायचं तर संगणकाकडे मी काही ज्ञानाच्या ओढीने वळलो नाही. मला कुत्र्यांची भीती वाटते. मांजरांचीही वाटते. एकदा तर ससासुद्धा चावलाय. आणि आमच्याकडे कारकुनाच्या कामात ‘इंजेक्शनच्या वेळी जनावर धरणे’ हेही येतं! नोकरीवर घेताना हे कुणी बोललं नव्हतं. तेव्हा यातून सुटायचं तर आपल्यावाचून अडेल असं काहीतरी उभं करायला हवं, हे मी ओळखलं आणि डॉक्टरबाईंच्या मागे लागून जनावरांच्या नोंदी ठेवायला सर्व्हर घ्यायला लावला.

“एक महिना देते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नोंदी नीट चालल्या तर तुम्ही फक्त तेच बघा. नाही चालल्या, तर टेबलापाशी उभं राहायचं आणि मुकाट्याने धरायचं.”

“बाई, महिन्याभरात वह्या रद्दीत जातील!” मी म्हणालो.

सर्व्हर ठेवला औषधांच्या खोलीत. आता आमच्या दवाखान्याचा एक नियम आहे. प्रत्येक कुलपाची किल्ली त्याच दाराशेजारच्या खिळ्याला. जनावर तडफडत असताना किल्ली शोधत बसायला नको, म्हणून कंपाउंडरकाकांनी तो चोवीस वर्षांपूर्वी घातला. मी तोच नियम सर्व्हरला लावला. पासवर्ड ठेवला एक ते सहा आकडे, ओळीने, आणि कागदावर लिहून तो सर्व्हरलाच चिकटवला. शिवाय घरून बघता यावं म्हणून बाहेरच्या इंटरनेटवरूनही आत येता येईल अशी सोय केली. सासरे आले की मी मोबाईल काढून दाखवायचो, “हे बघा, आज तीन बोके दाखल आहेत.” सासरे “बरं” म्हणायचे.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. चौथ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी औषधांच्या खोलीतून मिक्सर चालू राहिल्यासारखा आवाज यायला लागला.

“अरे, याला धाप लागलीय,” कंपाउंडरकाका म्हणाले. त्यांनी स्टेथोस्कोप काढून सर्व्हरला लावला. “अंगही तापलंय.”

“काका, यंत्र आहे ते!”

“मग तू सांग काय झालंय.”

मला काय कप्पाळ माहीत! पण तसं म्हणायची सोय नव्हती. “नोंदी वाढल्या की असं होतं,” मी ठोकून दिलं आणि टेबलफॅन आणून समोर लावला. दाखल असलेल्या बोक्यांपैकी एक पिंजऱ्यातून निसटून त्या उबेला जाऊन झोपला. तो सर्व्हरवर आडवा झाल्याने मला जवळ जाता येईना. काकांनी त्याला उचलल्यावर मी पासवर्ड घातला. चुकीचा! पुन्हा घातला. पुन्हा चुकीचा! एक ते सहा आकड्यांत माणूस चुकून चुकून किती चुकणार?

माझा संशय एकदम काकांवर गेला. त्यांना सर्व्हर पहिल्यापासूनच आवडत नव्हता.

“काका, पासवर्ड तुम्ही बदललात?”

काका माझ्याकडे वळले. “चोवीस वर्षांत मी एक किल्ली खिळ्यावरून हलवलेली नाही,” ते म्हणाले आणि हातातला बोका माझ्या हातात देऊन निघून गेले. बोक्यालाही ते आवडलं नाही. त्याने ते माझ्या मनगटावर नोंदवलं.

मी पट्टी बांधत होतो, तेवढ्यात इंटरनेट कंपनीचा फोन आला. डॉक्टरबाईंनी तो स्पीकरवर टाकला.

“तुमच्या दवाखान्यातून एका संगीत शाळेच्या वेबसाइटवर हल्ला चालू आहे,” पलीकडची बाई म्हणाली. “सकाळपासून चाळीस लाख वेळा दार ठोठावलंय तुम्ही त्यांचं.”

“अहो, आमचा माणूस दिवसाचे दहा फोन धड उचलत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “चाळीस लाख वेळा कुणाचं दार ठोठावणार?”

“चार वाजेपर्यंत आवरा, नाहीतर लाइन बंद करावी लागेल.”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर बाकावर एक अल्सेशियन कुत्रा बसला होता. त्यानेही पाहिलं.

दुपारी संगणक दुरुस्त करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी सर्व्हरवरचा कागद वाचला, मग माझ्याकडे बघितलं, आणि काहीही न बोलता कामाला लागल्या. हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

“चोरांनी सोडलेले प्रोग्राम जगभर फिरत असतात,” तासाभराने त्या म्हणाल्या. “उघडा सर्व्हर दिसला की सोपे सोपे पासवर्ड घालून बघतात. तुमचा कितव्या प्रयत्नात लागला, माहितीय?”

“कितव्या?”

“पहिल्या. एकदा आत शिरला की तो सर्व्हर त्यांच्या टोळीत. असे हजारो गोळा करायचे आणि सगळे मिळून कुणावर तरी सोडायचे.”

“आपला कुणाला चावला तर नाही ना?” दारातून काकांनी विचारलं. ते परत आले होते.

“संगीत शाळेची वेबसाइट बंद पडली होती तासभर. पण गंमत म्हणजे या चोराच्या आधीच दोन वेगळे चोर आत होते. याने आल्या आल्या त्यांना हाकललं, मागून दार लावून घेतलं आणि पासवर्ड बावीस अक्षरांचा करून टाकला.”

“म्हणजे महिन्याभरात सर्व्हरची काळजी घेणारा हा पहिलाच!” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागलो.

“आता सगळं पुसावं लागेल,” दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या. “नोंदींची दुसरी प्रत आहे ना?”

नव्हती. ती ठेवायची असते हे मला तेव्हाच कळलं. तेवढ्यात काकांनी हातमोज्यांच्या खोक्याखालून वही काढली आणि टेबलावर ठेवली. महिन्यातलं एकेक जनावर, तारीखवार, सुवाच्य अक्षरात!

“तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो,” ते म्हणाले.

मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी याच माणसावर मी आळ घेतला होता. मी माफी मागितली. काका म्हणाले, “ते राहू दे, आधी तो अल्सेशियन धर.”

नवा पासवर्ड काकांकडे आहे. तो खिळ्याला टांगलेला नाही, आणि मला सांगितलेलाही नाही. सर्व्हर आता एकदम शांत चालतो म्हणे. मी टेबलापाशी असतो. जे जनावर वजनाच्या काट्यावर एकटं उभं राहत नाही, त्याला कवेत घेऊन मीच काट्यावर चढतो. दर वेळी मला वेगळं तोलायला नको, म्हणून काकांनी सर्व्हरवर माझीही एक कायमची नोंद करून ठेवली आहे. मी ती पडद्यावर पाहिली. ‘धरणारा : अडुसष्ट किलो. वजा करणे.’