लोखंडी टबाचा कठडा उतरविला, ती हकीकत

श्रीवरुण कृपावंत असोत. शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सर, माघ मास, ते समयी एक राज्य होते. नाव लिहिणारास ठाऊक नाही. परंतु ते एका इमारतीचे तिसरे मजल्यावर वसले होते, आणि चार दालने, एक सज्जा व एक न्हाणीघर इतकाच मुलूख होता. थोरल्या बाईसाहेब द्वारकाबाई. त्यांचे यजमान त्र्यंबकराव कैलासवासी जाहले होते, आणि कारभार चिरंजीव अविनाशराव व सूनबाई मृणालिनीबाई पाहत, आणि बाईसाहेबांस मान होता पण हुकूम चालत नसे, ऐसी रीत पडली होती.

त्या न्हाणीघरात ओतीव लोखंडाचा, आतून पांढऱ्या एनॅमलचा एक टब होता. लग्नानंतर थोडक्याच दिवसांत त्र्यंबकरावांनी तो छावणीतील एका साहेबी बंगल्याचे मोडतोडीत पाहिला आणि त्यांचे मन त्यावर बसले. बाईसाहेब म्हणाल्या, की माणसांस पाय पसरावयास जागा नाही, तेथे हा हत्ती कोठे बांधावा. परंतु त्यांनी ऐकिले नाही, आणि हमाल लावून तो वर चढविला, आणि मग दर रविवारी तेल चोळोन ऊन पाण्यात बसावे, आणि बाईसाहेबांनी दाराशी स्टूल टाकून वर्तमानपत्र वाचून दाखवावे, ऐसा क्रम पडला. घरात सासूसासरे, दीर, नणंदा यांची वर्दळ. दोघांस निवांत बोलणे ऐसे तेथेच होई. आणि नणंदेचे स्थळ, अविनाशरावांची शाळा, गावाकडील जमिनीचा तंटा, साऱ्या मसलती त्या वाफेत जाहल्या, आणि मधूनच दोघे हसत, ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई आणि सासूबाई भांडे जरा जोरात ठेवीत.

तो त्या माघात बाईसाहेब टबात उतरावयास गेल्या आणि उंच कठड्यास पाऊल अडखळोन पडल्या, आणि उजवे मनगट मोडले. अविनाशराव घाबरे जाहले, आणि घाबऱ्या माणसाचा हुकूम कडक असतो, तैसा त्यांनी केला, की टब काढावा, फरशी सपाट करावी, भिंतीस दांड्या लावाव्या आणि बसावयास खुर्ची द्यावी. बाईसाहेबांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन सारे ऐकिले आणि बोलिल्या, "टब राहील. मी पडले ती माझ्या पायानं, त्याच्या नव्हे."

तरी मिस्त्री आला. त्याने मापे घेतली आणि सांगितले, की पुढे लिफ्ट बसविली तेव्हा जिना अरुंद जाहला, सबब टब अखंड खाली जाणार नाही. घण घालून येथेच फोडावा लागेल. हे ऐकताच बाईसाहेबांनी खुर्ची ओढून न्हाणीघराचे दाराशी ठाण मांडिले. मिस्त्री चहा पिऊन माघारी गेला. मग मायलेकांचे बोलणे खुंटले. अविनाशराव एकदा रागे भरोन म्हणाले, "तुला लोखंड हवंय का हातपाय?" ते बोल अविनाशरावांसच लागले, पण परत घेता येईनात. ऐसे किती एक दिवस ताट एकाचे हॉलमध्ये आणि एकाचे आतल्या खोलीत जाऊ लागले.

तेव्हा मृणालिनीबाईंनी चौकशी करोन एक तोड आणिली, की टबाचा एका बाजूचा कठडा दाराएवढी वाट होईल इतका पार तळापर्यंत कापावा, आणि साऱ्या टबास नवा लेप द्यावा, म्हणजे पाय न उचलता आत जाता येईल. आणि काही लपविले नाही, म्हणाल्या, "आई, पण मग त्यात पाणी साठणार नाही. कधीच." बाईसाहेब ती संध्याकाळ सज्ज्यात बसल्या आणि दिवेलागणीस आत येऊन म्हणाल्या, की कापा.

मग मिस्त्रीने यंत्र लाविले आणि ठिणग्या उडाल्या, आणि लोखंडाची धूळ राज्यभर पसरली, आणि कठडा उतरला. लेपापूर्वी टब घासताना उशाकडील बाजूस एक पट्टा दिसला. तेथील पांढरे झिजून करडे लोखंड उघडे पडले होते. त्र्यंबकराव पाठ टेकीत ती ही जागा. अविनाशरावांनी ती कधी पाहिली नव्हती. उकिडवे बसोन त्यांनी तीवर हात ठेविला आणि मिस्त्रीस हळूच म्हणाले, की एवढे राहू द्या.

बाईसाहेब मागे उभ्या होत्या. "राहू दे कशाला? गंज धरेल. लावा."

आणि मिस्त्रीने लेप मारिला, आणि करडे पांढरे होईतो त्या पाहत राहिल्या. अविनाशराव उठले नाहीत. मग खाली पाहूनच त्यांनी पुसिले, "आई, मी पॅसेजमध्ये अभ्यासाला बसायचो तेव्हा ऐकायचो. काय एवढं हसायचात गं तुम्ही?"

बाईसाहेबांनी आठवून पाहिले. "आता सांगितलं तर हसू यायचं नाही," त्या म्हणाल्या. आणि ऐसे म्हणता म्हणता त्यांस हसू लोटले, आणि ते आवरेना, आणि लेपाचे वासाने डोळ्यांस पाणी आले ऐसे त्यांनी सांगितले, आणि अविनाशरावांनीही आपले डोळ्यांविषयी तेच सांगितले. त्या रात्री ताटे एके ठिकाणी मांडिली.

पुढे प्लास्टर निघाले आणि लेप वाळला, आणि बाईसाहेब प्रथम स्नानास गेल्या. पडल्यापासून त्यांस कडी लावण्याची मनाई होती. दार लोटलेले असावे आणि बाहेर कोणी उभे असावे, ऐसा बंदोबस्त होता. त्या दिवशी त्या भिंतीची दांडी धरोन, पाऊल न उचलता टबात गेल्या, आणि क्षणभर थांबल्या, आणि परत टबाबाहेर येऊन त्यांनी न्हाणीघराचे दारास आतून कडी घातली. बाहेर उभ्या अविनाशरावांनी तो आवाज ऐकिला. हाक मारावयास तोंड उघडिले, ते मिटून घेतले, आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

सारांश, टब राहिला, त्यातील पाणी राहिले नाही, आणि बाईसाहेब आपले स्नान आपण करू लागल्या. घडले तैसे लिहिले आहे.